नोकरीच्या गावी बिऱ्हाड

निकाल लागले की आमच्या महाविद्यालयात पेढे घेऊन येणाऱ्या मुलामुलींची रीघ लागते. कुणाला पुण्याकडे कारखान्यात काम लागलेले असते, कुणाला मुंबईत बँकेत, तर कुणाची परजिल्ह्यात शिक्षक म्हणून नेमणूक झालेली असते. पेढा तोंडात टाकून मी आधी विचारतो, "पगार किती?" आणि मग विचारतो, "राहणार कुठे?" पहिल्याचे उत्तर चटकन येते. दुसऱ्याला मुले जरा थबकतात. एखादा म्हणतो, "बघू सर, मित्रांच्या खोलीवर पडेन." दुसरा म्हणतो, "नको सर मित्रबित्र. स्वतःची एक खोली घ्यायची, कुणाची कटकट नको." सोबत वडील आलेले असले तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा याचे उत्तर माझ्या खिशात असणारच, असा त्यांचा समज असतो.

आता अर्थशास्त्राचे उत्तर म्हणाल तर ते सोपे आहे. समजा, मुलाला हातात अठरा हजार रुपये पडतात. शहराच्या कडेला दोन खोल्यांची जागा बारा हजारांना मिळाली आणि ती चौघांनी घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन हजार आले. तोच मुलगा एकट्यापुरती लहानशी खोली बघायला गेला, तर सहा-सात हजारांखाली घरमालक बोलत नाही. वर अनामत सगळी एकट्याच्या माथी. गॅसची शेगडी, पाण्याचे पिंप, बादली, केरसुणी या वस्तू माणसे वाढली म्हणून वाढत नाहीत. चार माणसांना काही चार केरसुण्या लागत नाहीत. म्हणजे चौघांत राहिले तर महिन्याकाठी तीन-चार हजार शिल्लक पडायला हरकत नाही. गावी आईला दर महिन्याला तीन हजार पाठवता येणे आणि न येणे, यांत केवढे अंतर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण खोलीत वाटून घेण्यासारख्या गोष्टी असतात, तशा वाटता न येणाऱ्याही असतात. भाडे वाटता येते. झोप वाटता येत नाही. आजारपण वाटता येत नाही. आणि दिवसभर दहा माणसांचे ऐकून आल्यावर अर्धा तास कुणाशीही न बोलता भिंतीकडे बघत बसण्याची जी एक गरज असते, तीही वाटता येत नाही.

ही अडचण आजच्या मुलांनाच आली असे नाही. मुंबईत ताडदेवला १८५४ साली कावसजी दावर यांच्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तसतशी रत्नागिरीची, साताऱ्याची, कोल्हापूरची माणसे मुंबईला जाऊ लागली. बायकामुले गावी आणि गडी परळ-लालबागच्या चाळीत. दहा बाय बाराची खोली आणि तीत पंधरा-पंधरा, वीस-वीस माणसे. ती मावायची कशी? तर गिरणीच्या पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचा गडी बाहेर पडला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आपली वळकटी सोडायचा. सामान म्हणजे एक ट्रंक आणि दोरीवर टांगलेले कपडे. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बाया बहुधा गिरणीकामगारांच्याच घरातल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा कामावर गेलेच नाहीत. हे भाषण ऐकणाऱ्यांत अशी घरे असतील, की जिथे आजोबांची ती ट्रंक अजून माळ्यावर आहे.

गोव्याच्या लोकांनी तर या एकत्र राहण्याला रीतसर रूप दिले होते. बोटीवर नोकरी धरायला गोव्याहून मुंबईत येणाऱ्या माणसाला बोट मिळेपर्यंत टेकायला जागा हवी असे. म्हणून गावोगावच्या लोकांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. त्यांना 'कूड' म्हणतात. धोबी तलावाजवळच्या जेर महाल या इमारतीत अशा कूडी आहेत. प्रत्येकाला आपली पेटी ठेवण्यापुरती जागा, वर्गणी अगदी थोडी, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी हजर राहायचे हा नियम.

गिरणीकामगारांची खोली काय किंवा कूड काय, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट होती. खोलीच्या मागे गाव होते. एखाद्याने दारू पिऊन दंगा केला, दुसऱ्याचे पैसे बुडवले, तर ती बातमी आठ दिवसांत गावच्या पारावर पोचायची. आज माझा विद्यार्थी मोबाईलवर जाहिरात पाहून खोलीत जातो. आत एक नागपूरचा, एक नांदेडचा आणि एक थेट बिहारकडचा. मला हे वाईट वाटत नाही, उलट त्यात पुष्कळ चांगले आहे. पण मध्ये पडून कान धरणारा कुणी नाही हेही खरे. तेव्हा कान आपला आपणच धरावा लागतो. तो कसा धरायचा हे मला फार महाग पडून कळले, म्हणून तीच हकीकत सांगतो.

तत्पूर्वी एक आठवण करून देतो. आपल्या शेतीत सावड असते. कुणी तिला पैरा म्हणतात, कुणी वारंगुळा. आज माझ्या रानात तुम्ही चौघे आलात, तर उद्या तुमच्या रानात मी जायचे. दिवसाला दिवस, माणसाला माणूस. सावड फेडावीच लागते. न फेडणाऱ्याकडे पुढच्या सुगीला कुणी फिरकत नाही. आणि दुसरी असते इर्जिक. एखाद्याचे रान पडीक राहिले, घरात आजारपण आले, बैल गेला, की गावातले लोक आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि एका दिवसात नांगरट करून देतात. तिथे हिशेब नसतो. ज्याच्या रानात इर्जिक होते त्याने संध्याकाळी सगळ्यांना जेवायला घालायचे, एवढेच. ट्रॅक्टर आल्यापासून दोन्ही कमी झाल्या आहेत, पण शब्द अजून आपल्या तोंडी आहेत.

माझे म्हणणे असे आहे, की एका खोलीत राहणे ही सावड आहे. पण तिच्यात मधूनमधून इर्जिकीचे दिवस येतात. ते ओळखता आले नाहीत, की खोली मोडते.

२००३ साली मी पुण्यात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, आणि तेही सहा-सहा महिन्यांनी. एका पेठेत, लाकडी जिन्याच्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघे राहत होतो. भाडे २४०० रुपये, प्रत्येकी सहाशे. एक जण औषधांच्या कंपनीचा विक्रेता, बॅग घेऊन दवाखाने फिरायचा. एक पतसंस्थेत कारकून. चौथा मराठवाड्याकडचा, भोसरीला एका कारखान्यात यंत्रावर कामाला. आम्ही एक वही केली होती. दाराजवळ खिळ्याला सुतळीने बांधलेली, तिलाच पेन्सिलीचा तुकडा लटकवलेला. भाडे, वीज, गॅस, दूध, चहा-साखर. ज्याने जे आणले त्याने ते लिहायचे आणि एक तारखेला मी बेरीज करायची. मी अर्थशास्त्राचा, तेव्हा हिशेबनीस आपोआपच झालो. आणि खरे सांगतो, मला त्या वहीचा अभिमान होता. इतर खोल्यांतून भांडणे व्हायची, आमच्यात नाही, ती या वहीमुळेच, असे मी चारचौघांत सांगत असे.

त्या मराठवाड्याच्या सोबत्याचे मात्र वहीत सारखे काहीतरी थकलेले असायचे. तो विसराळू होता आणि घरी पैसेही पाठवायचा. गावाहून येताना मात्र तो ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याचे कूट आणि काळ्या मसाल्याची बरणी घेऊन यायचा, आणि ते आम्ही सगळेच महिनाभर खायचो. ते वहीत लिहावे असे त्याला सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. एकोणीस दिवस मी अंथरुणावर होतो. गावी कळवले नाही. आई घाबरली असती आणि येऊन राहणार कुठे? विक्रेता आणि कारकून सकाळी नऊला बाहेर पडायचे. हा मात्र दिवसभर खोलीवर असायचा. पाणी उकळून गार करून द्यायचा, मऊ भात करायचा, मला धरून जिना उतरवून दवाखान्यात न्यायचा. मी विचारले तर म्हणाला, "सध्या रात्रपाळी लागलीय, दिवसा मोकळाच आहे की." मला ते खरे वाटले. वाटायला काय, ते सोयीचे होते.

मी बरा झालो. पुढे दोन महिन्यांनी एक तारखेला हिशेब झाला, तेव्हा त्याच्याकडे ३४० रुपये निघाले. घरमालकीण काकू भाड्यासाठी दोनदा वर येऊन गेल्या होत्या. माझेही पैसे कॉलेजकडून आले नव्हते, त्यामुळे डोके तापलेलेच होते. मी वही खिळ्यावरून काढली आणि तिघांसमोर त्याची बाकी मोठ्याने वाचून दाखवली. तारखेवार वाचली. तो माझ्याकडे जरा बघत राहिला आणि म्हणाला, "मांडलंय ना वहीत? मग देतो." तिसऱ्या दिवशी त्याने पैसे दिले. पुढल्या रविवारी त्याने आपली वळकटी बांधली. भोसरीलाच कुणाच्या तरी खोलीत जागा झाली आहे, कामावर जायला बरे पडेल, असे म्हणाला. भांडण नाही, तंटा नाही. जाताना मसाल्याची बरणी तिथेच ठेवून गेला.

चार-पाच दिवसांनी कारकून मला म्हणाला, "तुझ्या काविळीत त्यानं मुकादमाच्या पाया पडून रात्रपाळी मागून घेतली होती. एकोणीस दिवस रात्री यंत्रावर उभा आणि दिवसा तुझ्या उशाशी. तो झोपायचा कधी, ते मांडलंस का रे वहीत?"

श्रोतेहो, माझ्या पडीक रानात इर्जिक झाली होती. ज्याने संध्याकाळी जेवायला घालायचे, त्याने सावडीचा हिशेब वाचून दाखवला.

यावरून 'वही नको, सगळे प्रेमाने करावे' असा अर्थ कुणी काढू नये. वही हवीच. माझ्या पाहण्यातल्या दहांतल्या आठ खोल्या वही नसल्यामुळे मोडल्या. दूध कुणी आणायचे, भांडी कुणी घासायची, पाहुणा किती दिवस राहिला म्हणजे त्याच्या जेवणाचे पैसे धरायचे, रात्री अकरानंतर दिवा कुणासाठी चालू राहायचा, हे पहिल्या आठवड्यातच तोंड उघडून बोलावे. आपल्या मुलांना पैशाचे बोलायला लाज वाटते. ती लाज महिनाभर पुरते आणि नंतर भांड्यांची आदळआपट सुरू होते. आमचा विक्रेता मित्र वर्षभरात एकदाही भांड्याला हात लावायचा नाही आणि मोठ्या मनाने "राहू दे रे, उद्या घासू" म्हणायचा. उद्या कुणी घासायची ते गुलदस्त्यात. तेव्हा वही ठेवावी, पण बेरीज सगळ्यांसमोर वाचू नये. ज्याची बाकी आहे त्याला बाजूला घेऊन सांगावी. आजारपण, गावाहून आलेला डबा आणि कुणाच्या घरचे दुःख यांना वहीत रकाना करू नये. हे तीन मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो.

आता एकट्याचे सांगतो. २००६ साली मला एका तालुक्याच्या गावी कायमची जागा मिळाली. पुण्याच्या अनुभवाने मन विटले होते, म्हणून मी मुद्दाम एकट्यासाठी खोली घेतली. पहिले दोन महिने म्हणजे स्वर्ग. पुस्तक जिथे पालथे ठेवले तिथेच सापडते. रेडिओ आपल्याला हवा तेवढ्या आवाजात. पहाटे चारला उठून दिवा लावला तरी कुणी कूस बदलून सुस्कारा टाकत नाही. माझे जे काही वाचन झाले ते त्याच तीन वर्षांत झाले, आणि ते चौघांत झाले नसते हे मी कबूल करतो. ज्याला परीक्षेचा अभ्यास करायचा आहे, काही लिहायचे आहे, किंवा ज्याचे कामच दिवसभर माणसांच्या गर्दीत आहे, त्याने परवडत असेल तर जरूर एकटे राहावे. त्यात माणूसघाणेपणा नाही.

पण हळूहळू मी ओट्यापाशी उभ्याने जेवू लागलो. ताट घ्यायचे कशाला, पातेल्यातूनच खावे. मग एक वेळचे जेवण आणि एक वेळ वडापाव. शनिवारी दुपारी कॉलेज सुटले, की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एका सोमवारी पहिल्या तासाला हजेरी घेताना माझा आवाजच फुटेना. दोनदा खाकरावे लागले. मुले हसली. त्यांचे काय चुकले? खोलीत भांडायला कुणी नसते, तसे 'तू चिडका झाला आहेस' हे सांगायलाही कुणी नसते. मी त्या काळात मुलांवर विनाकारण ओरडलो. ते माझे मलाच पुढे कळले.

२००८ च्या पावसाळ्यात ताप आला. दाराला आतून कडी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त प्राथमिक शिक्षक दार वाजवू लागले. दाराला अडकवलेल्या पिशवीत दुधाच्या दोन पिशव्या तशाच पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. मी भिंतीला धरून कसाबसा दारापर्यंत गेलो. गुरुजी आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि रागावलेच. "मास्तर, एकटं राहायचं ते रीतीनं राहावं. दुसरी किल्ली आमच्या घरी द्या. आणि बरं नसेल तेव्हा आतून कडी लावू नका, नुसतं किल्लीचं कुलूप ओढून घ्या. नाहीतर किल्ली असून आम्ही बाहेर काय करणार?" त्यांच्या बाईंनी पेज पाठवली. ती किल्ली त्यांच्या देवघराजवळच्या खुंटीवर मी ते गाव सोडेपर्यंत होती.

एकटे राहण्याला माझा विरोध नाही तो या किल्लीमुळे. ज्याची दुसरी किल्ली कुणाकडेच नाही अशा मुलाची मात्र मला काळजी वाटते.

इथपर्यंत मी असे बोललो, की जणू प्रत्येकापुढे दोन दारे उघडी आहेत आणि त्याने हवे ते निवडायचे. तसे नसते. आमच्याच एका विद्यार्थ्याला शहरात नोकरी लागली, पगार चांगला, कागदपत्रे सगळी. तीन घरी त्याला पगार विचारला नाही, आडनाव विचारले. जागा नुकतीच गेली, असे तिन्ही ठिकाणी उत्तर. शेवटी बरोबर काम करणाऱ्या तिघांनी त्याला आपल्या खोलीत घेतले. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले होते. शंभर वर्षे झाली या गोष्टीला. त्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्यांची नातवंडे आज शहरांत घरमालक आहेत. त्यांतल्या काहींनी तरी आडनाव विचारण्याआधी क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती आहे.

मुलींचा प्रश्न तर आणखी वेगळा. मी पुष्कळ वर्षे आईबापांना सांगत असे, की मुलीला एकटी ठेवू नका, दोघीतिघींत ठेवा. पुण्यातल्या एका कंपनीत लागलेली आमची एक विद्यार्थिनी तिघींत राहत होती. घरमालकाचा नियम, रात्री नवाच्या आत घरात. तिची पाळी सुटायची दहाला. रोजची बोलणी. त्यातून खोलीतली एक मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर. दोन वर्षांनी हिने स्वतःच्या पगारातून लहानशी खोली घेतली आणि वडील तिच्याशी बोलेनासे झाले. मला मध्यस्थीला बोलावले. मी माझे नेहमीचे सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "सर, घरी सहा जणांत वाढले, वसतिगृहात चौघींत राहिले, इथं तिघींत. एकदा तरी दाराला माझी स्वतःची कडी असू दे की." मला यावर उत्तर सुचले नाही. वडिलांना मी एवढेच म्हटले, की जागा एकदा स्वतः जाऊन बघा, शेजार बघा, आणि दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. ते गेले. आता बोलतात.

खेड्यातल्या श्रोत्यांसाठी आणि विशेषतः शिक्षक-बंधुभगिनींसाठी एक गोष्ट मध्येच सांगून घेतो. नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षण सेवकाला २०२३ पासून महिन्याला सोळा हजार रुपये मानधन मिळते, आणि पहिली तीन वर्षे तेवढ्यावरच काढायची असतात. परजिल्ह्यातून आलेली ही मुले तालुक्याला चौघे मिळून खोली घेतात आणि मोटारसायकलवर शाळेला जातात-येतात. 'मास्तर गावात राहत नाहीत' अशी गावाची तक्रार असते. ती खोटी नाही. पण गावात त्याला खोली द्यायला किती जण तयार असतात? आणि दिली तर 'एकटाच आहे, बायकामाणसांचे घर आहे' म्हणून चार महिन्यांत सोडायला लावतात. जिथे गावाने नीट खोली दिली, आठवड्यातून एखाद्या दिवशी घरची भाकरी-भाजी पाठवली, तिथे मास्तर टिकले, असे मी पाहिले आहे.

कागदाचेही सांगितले पाहिजे, कारण पोरे तिथेच फसतात. चौघे राहतात आणि करार एकाच्याच नावे असतो. तो एक जण नोकरी बदलून गेला की बाकीचे तिघे त्या घरात कुणीच नसतात. अनामत कुणी किती दिली याचा पुरावा नसतो. म्हणून करारात चौघांचीही नावे घालावीत आणि अनामत बँकेतून द्यावी, रोख देऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात कलम ५५ आहे. त्याप्रमाणे भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे घरमालक सहसा सांगत नाहीत. आणखी एक. चौघांपैकी कुणी मध्येच गेला, तर त्याच्या जागी येणारा कुणी शोधायचा आणि तोवर त्याचे भाडे कुणी भरायचे, हेही आधीच आपसांत लिहून ठेवावे. याला अविश्वास म्हणू नये. सावडीतही कुणाच्या रानात आधी जायचे ते ठरवूनच घेतात.

मला विचाराल तर पहिले वर्ष-दोन वर्षे मुलामुलींनी सोबत्यांत काढावीत असेच मी सांगतो. पैसा वाचतो म्हणून सांगतो, आणि आपण किती घोरतो, किती खोटे बोलतो, किती जळतो, हे दुसऱ्याच्या तोंडून कळते म्हणूनही सांगतो. लग्नानंतर ते कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. पुढे ऐपत आली, गरज वाटली, तर एकटे राहावे, शेजार बघून. पण भाकरी करता येणे, आपले कपडे आपण धुणे आणि ताट उचलून ठेवणे हे दोन्हीकडे लागते, आणि ते मुलांना घरीच शिकवावे लागते. मुलीला शिकवतो तसे मुलालाही. माझ्या आईने मला शिकवले नव्हते. मला मऊ भातही करता येत नव्हता, हे त्या काविळीत कळले.

त्या मराठवाड्याच्या सोबत्याची आणि माझी पुढे एकदा गाठ पडली. २०१९ साली, पुण्याच्या एस. टी. स्टँडवर. तो लातूरच्या गाडीत खिडकीशी बसला होता, केस पांढरे झालेले. मी ओळखले आणि धावत खिडकीपाशी गेलो. तोही खूश झाला. "काय रे, लिव्हर बरं आहे ना?" हेच आधी विचारले. मुलेबाळे, नोकरी, थोडे बोलणे झाले. सोळा वर्षे मनात घोळवलेले वाक्य कसे काढावे मला कळेना. मी म्हटले, "अरे, ते तीनशे चाळीस रुपये..."

त्याचा चेहरा एकदम पडला. "दिले होते की रे मी! तिसऱ्याच दिवशी दिले होते."

मी "तसं नाही रे, तसं नाही" म्हणेपर्यंत कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली.